पोरगं पॅड बांधून बसलंय

क्रिकेट खेळणाऱ्या पोराची आई व्हायचं तर आधी हमाली यायला हवी. किटबॅग नावाचं ते प्रकरण माझ्या 13 वर्षांच्या चिरंजीवांपेक्षा उंचीला जरा कमी आणि वजनाला जरा जास्तच असावं असा माझा संशय आहे. रविवारी पहाटेची डोंबिवलीहून लोकल, हा जेन्ट्समध्ये आणि बॅग माझ्यासोबत लेडीजमध्ये, कारण "आई, जेन्ट्समध्ये लोक शिव्या घालतात गं." हो का? आणि लेडीजमध्ये काय ओवाळतात? एका मावशींनी विचारलंच, "माणूसबिणूस भरलायस का यात?"

साडेसातला आझाद मैदानावर रिपोर्टिंग. ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांना सांगते, तिथे 22 पिचेस आहेत आणि एका मॅचचा फील्डर दुसऱ्या मॅचच्या फील्डरला पाठ लावून उभा असतो, त्यामुळे पहिली वीस मिनिटं मी भलत्याच पोरांसाठी टाळ्या वाजवल्या.

आमची बॅटिंग पहिली. हा सातव्या नंबरवर, पण तिसऱ्या ओव्हरलाच पॅड, थायपॅड, गार्ड, हेल्मेट सगळं चढवून तयार. आणि ओपनर्स आऊटच होईनात! एका ओपनरची आई माझ्या शेजारीच, स्वभावाने इतकी गोड की काही विचारू नका, मला साबुदाण्याची खिचडी देतेय, लिंबू पिळून देतेय, "अहो, मी जागेवरून हलले की तो आऊट होतो म्हणून उठत नाहीये" म्हणतेय, आणि मी तिचीच खिचडी खात मनात म्हणतेय, देवा, हिला एकदा तरी बाथरूमला लागू दे. आपल्याच टीमची विकेट पडावी म्हणून मी सिद्धिविनायकाला पाच नारळ बोलले. पाप आहे, माहितीये. पण चार वाजता उठून बघा.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा कर्मचाऱ्यांचं धरणं चाललेलं. लाऊडस्पीकरवर "न्याय मिळालाच पाहिजे!" आलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला.

लंचला त्याचं तोंड बघवेना. म्हटलं, "अरे, याच मैदानावर 1988 ला हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेत सचिन आणि कांबळीने 664 ची पार्टनरशिप केली ना, तेव्हा पुढचा बॅट्समन अमोल मुझुमदार असाच पॅड बांधून बसून राहिला होता. तोपण 13 चाच होता!"

"मग? बॅटिंग मिळाली त्याला?"

"...नाही. त्या मॅचला नाही."

"पुढे इंडियाकडून खेळला?"

आता हे पोरगं नेमकं तेच विचारणार. "इंडियाकडून नाही, पण रणजी ट्रॉफीत ढिगाने रन्स केले, आणि 2025 ला आपल्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच होता!"

"म्हणजे मी 37 वर्षं पॅड बांधून बसू?"

गणित एरवी येत नाही याला.

शेवटच्या ओव्हरला पाचवी विकेट पडली (ओपनरची आई शेवटी उठली, नारळ द्यावे लागणार). हा धावत गेला, गार्ड घेतला (म्हणजे स्टंपसमोर उभं राहायची जागा ठरवली), अंपायरला दोनदा विचारून घेतला, फील्ड बघितलं, परत गार्ड घेतला. पण विकेट रनआऊटची असल्यामुळे स्ट्राइकला दुसराच. त्याने उरलेले दोन्ही बॉल नुसते अडवले, धाव नाही, आणि ओव्हर्स संपल्या. माझ्या लेकाने एकूण बॉल खेळले शून्य. मी मात्र उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग बॅग उचलली. दुपारभर तो फाइनलेगला उन्हात उभा होता, एकदा बॉल आला तो बाजूच्या मॅचचा.

परतीला मेगाब्लॉक. लेडीजमध्ये मी, घाम आणि किटबॅग. तिघींनी सरकून चौथी सीट दिली आणि एकीने बॅगेवर थाप मारून विचारलं, "लेकाचं क्रिकेट वाटतं? किती केले?"

मी म्हटलं, "नॉट आऊट."