टायर असा घ्या की चार गल्ल्यांना कळलं पाहिजे

हायवेला अजिबात आवाज न करणारा, गादीवर लोळत चाललोय असं वाटायला लावणारा टायर तुम्ही शोधालाय हे ऐकून मला जरा काळजीच वाटली. अहो, आपण बेळगावची माणसं. १९५६ पासून आपण आवाज काढतोय, २००४ पासून सीमाप्रश्नाची केस सुप्रीम कोर्टात आहे, अजून कुणाला नीट ऐकू गेलेलं नाही, आणि तुम्हाला चार टायरांचा आवाज सहन होईना? शिवाय टायर गप्प झाला की काय होतंय ठाऊक आहे काय, डॅशबोर्ड बोलायला लागतंय. मग डिकीतला जॅक, मागच्या सीटचं बक्कल, पाहुण्यांकडं न्यायला घेतलेला कुंद्याचा डबा, सगळे एकेक करून तोंड वर काढतात, इतकी वर्षं बिचारे टायरच्या घोंगावण्याखाली दबून होते. त्यापेक्षा आवाज असलेला बरा. खरं असा टायर आपोआप मिळत नाही, त्यालाही अभ्यास लागतोय, आणि तो मी पैसे घालून केलेला आहे.

सगळ्यात आधी मामांना विचारा. प्रत्येकाला एक मामा असतोच, माझे खानापूरकडं आहेत, चार म्हशी आणि एक टायरगाडी एवढ्या भांडवलावर ते वाहन या विषयातले शेवटचे कोर्ट आहेत. टायर बघायची त्यांची पद्धत आंबा बघायची आहे, फक्त उलटी. अंगठ्याचं नख दाबायचं, रुतलं की "कच्चाय गा, ठेव खाली", आणि नख वाकलं की टायर पास. कडक टायर सहजी झिजत नाही हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, फक्त तो रस्त्याला धरतही नाही. हे चोर्ला घाटात पहिल्या पावसात वळणावर कळतंय, आपण ब्रेक मारलेला असतो आणि गाडी आपल्या मनानं गोव्याकडं निघालेली असते. "पाऊस काय बारा महिने असतोय काय?" असं मामा विचारतात. खानापूर तालुक्यात बसून हे विचारायला छाती लागते.

मऊ टायर मागणारा माणूसच मुळात त्यांना आवडत नाही. बैलगाडीला लोखंडी धाव असायची, कोण मेलं काय? मी त्यांना डनलपची गोष्ट सांगून बघितली. बेलफास्टला डनलप म्हणून एक गुरांचा डॉक्टर होता, त्याच्या पोराला तीनचाकी सायकलवर दणके बसायचे म्हणून त्यानं चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ ला त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे दणके नकोत एवढ्या एकाच हट्टातून हा सगळा धंदा उभा राहिलाय. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, गुरांचा डॉक्टर होता तर गुरं बघायची सोडून हे कशाला करालता?

दुसरं म्हणजे साईज. कंपनीनं दिलेली साईज ठेवणं हे गरिबाचं लक्षण आहे. समजा तुमच्या टायरावर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. यातलं १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, साधारण १२० मिलिमीटर, १५ म्हणजे रिम किती इंची, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत वजन चालतंय आणि एच म्हणजे २१० चा स्पीड (हत्तरगी आणि कोगनोळी या दोन टोलांच्या मधे २१० कुठं मारणार ते मला विचारू नका). आता ही जी १२० मिलिमीटरची भिंत आहे ना, खड्डा पहिल्यांदा ती खाते, उरलेला सस्पेन्शन खातंय आणि त्यातूनही उरला तर तुमचं कंबरडं. म्हणजे गादी तीच. तर ती काढून टाका. १७ इंची अलॉय घाला आणि त्यावर २१५/४५ चढवा, बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राहतो, चाक पंख्यासारखं दिसतं, आणि भिंत उरते ९७ मिलिमीटर. माझ्या चुलतभावानं हे केलं. कागलच्या पुढं सिक्स लेनच्या कामाच्या डायव्हर्जनमध्ये एक खड्डा असा काही बसला की टायरला लिंबाएवढा फुगा आला आणि रिम अंड्याच्या आकाराची झाली. फोटो मात्र त्या आधीचे लई भारी आलेत.

एसयूव्हीवाल्यांनी तर ऑल टेरेनच घ्यावा, म्हणजे चिखलात-दगडातही चालणारा. मोठमोठी बटणं, मधे बोटभर खाच. त्या खाचेत हवा कोंडते आणि सुटते, बटण डांबरावर आपटतं आणि उचलतं, हे सेकंदाला शेकडो वेळा होतंय, त्यामुळे ऐंशीच्या पुढं गाडीतून उसाचा ट्रॅक्टर चालल्यासारखा फील येतो, फक्त वरचा डेक तेवढा नाही. टिळकवाडीतून निघून कॅम्पात थांबणाऱ्या गाडीला टेरेन कुठलं लागतंय ते सोडा, रस्तेच बघितलेत तर तुम्ही मला गप्प बसवाल. हायवेचे जे गप्प टायर असतात त्यांची नक्षी बारीक, आणि त्यातले ठोकळे मुद्दाम लहानमोठे पाडलेले असतात, कारण सगळे एका मापाचे असले की एकाच पट्टीत किंचाळतात आणि मापं वेगवेगळी असली की तो आवाज पसरून नुसती कुजबूज होते. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मिटिंगला हा नियम लागू होत नाही. काही महागड्या टायरांत तर आतून स्पंज चिकटवलेला असतो, पोकळीत घुमणारा आवाज मारायला. तसला टायर आपल्या पंक्चरवाल्यानं उघडला तर आत कोणीतरी गादी विसरलंय म्हणून काढून ठेवंल.

आकडे बघून घेणाऱ्यांसाठीही सोय आहे. परदेशी टायराच्या लेबलावर डेसिबल लिहिलेले असतात, ७० वाला की ७२ वाला यावर माणसं रात्र रात्र जागतात. तो आकडा गाडीतला नाहीच. मोटार ऐंशीच्या स्पीडला इंजिन बंद करून सोडतात आणि रस्त्याच्या मध्यापासून साडेसात मीटरवर माईक ठेवून मोजतात, म्हणजे तो काकतीला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचा आकडा आहे, तुमच्या नव्हे. तरी त्याच्यासाठी तुम्ही पदरचे चार-पाच हजार जास्त घालणार असाल तर माणुसकी अजून आहे म्हणायची.

तारीख तर बघूच नका. टायरावर एका लंबगोलात शेवटी चार आकडे असतात, ३५२१ असेल तर २०२१ चा ३५ वा आठवडा. वाचायचं नाही. उसगावला एमआरएफचा कारखाना आहे, अनमोडवरून गोव्याला जाताना वाटेवरच, म्हणून आपल्या लोकांची अशी समजूत आहे की टायर आपल्याकडं बेकरीतल्या पावासारखा गरमगरम येतोय. चार वर्षं गोडाऊनमध्ये उन्हात पडलेला टायर दुकानदार "सर, तुमच्यासाठी स्पेशल रेट" म्हणून देतो तो घ्या, रबर वयानं कडक होतंय आणि कडक झालं की गुणगुणतंय, मामांचं नखही वाकतंय, सगळेच खूश.

हवा? चाळीस भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ३३ का काय लिहिलेलं असतंय ते कंपनीला डिझेल किती जातंय माहीत नाही म्हणून. चाळीस भरलं की टायर मधेच तेवढा रस्त्याला टेकतो, आणि मुळात एक टायर रस्त्याला टेकतोय किती तर तळहाताएवढा, त्यातला निम्मा कमी झाला तर केवढी बचत. नायट्रोजनही भरून घ्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्यासाठी पन्नास-शंभर रुपये देऊन हिरवं टोपण मिळतंय, ते टोपण मला खरोखर आवडतं.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग, दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागं करणं, हे रिकामटेकड्यांचे धंदे. न केल्यास टायर करवतीसारखा दातेरी झिजतो आणि नवा महागडा सायलेंट टायरही वर्षभरात गायला लागतो. वेगळं काही करायलाच नको. आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर पुढं घाला, कारण पुढचे दिसतात. जाणकार म्हणतात नवे मागं घाला, ओल्यात मागची बाजू सुटली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरत नाही, खरं मागं कोण बघतंय.

आता माझं सांगतो. माझ्या गाडीत गेल्या वर्षी "हूंऽऽ" असा आवाज यायला लागला, साठच्या पुढं वाढायचा. तवंदी घाट उतरताना तर बाजूच्या सीटवरचं माणूस ओठ हलवतंय एवढंच दिसायचं. मामांनी टायर बघितले, नख दाबलं, म्हणाले, टायर बेस्ट आहेत, अजून दहा वर्षं हात लावू नको. आता टायरच्या बाबतीत मामा म्हणतील त्याच्या उलट करायचं एवढं मी शिकलो होतो, म्हणून सरळ दुकानात गेलो. दुकानातला पोरगा टायरावर हात फिरवून म्हणाला, "कप्पिंग झालंय सर, खळगे पडून झिजलेत, चारी टाका." चारी टाकले. भारीतले, हायवेचे, असिमेट्रिक नक्षीचे, आठ मिलिमीटर खाच, बत्तीस हजार गेले. संकेश्वरपर्यंत जाऊन बघू म्हटलं, वंटमुरीच्या चढाला साठ पार झालं आणि परत "हूंऽऽ".

मग एका गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत दाखवलं. रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग जरासं डावीकडं झुकवायचं, आवाज वाढतोय काय बघायचं, मग उजवीकडं. डावीकडं वळताना वजन उजव्या चाकांवर पडतं, आवाज तेव्हा वाढला तर उजव्या चाकाची बेअरिंग गेलेली. आणि टायरचा आवाज असता तर डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलला असता, हा होता तसाच राहिला. बेअरिंग मजुरीसकट साडेतीन हजारात झाली.

जुने चारी टायर मामांनी नेले. पावसाळ्याच्या आधी गोठ्याच्या पत्र्यावर टाकलेत, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. मागच्या रविवारी गेलो होतो, धो धो पाऊस, पत्रा वाजत होता, म्हशी ओरडत होत्या. मामा ओट्यावर बसून वर बोट दाखवत म्हणाले, "बघ, कुठं आवाज करालेत?"