दऱ्या आणि दर्या

‘ई-बुक काढलं की दुसऱ्या दिवशी पीडीएफ ग्रुपांवर फिरते, म्हणून आम्ही काढतच नाही.’ पुण्यातल्या एका प्रकाशकाचं हे बोलणं मित्राने पाठवलं. खाली एकाने लिहिलं होतं, छापील पुस्तकाची ओढ परदेशात जाऊन बसलेल्यांना काय कळणार! गेला आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

ग्रुपांवर फिरणाऱ्या पीडीएफ या लोकांनी कधी उघडून पाहिल्या आहेत का? माझ्याकडे येतात त्यांत पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा असतो, वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो. छापील पुस्तकाचे फोटो आहेत ते. मग ई-बुक न काढून वाचवलं काय?

इथे जर्मनीत, हॅम्बुर्गच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, निम्मा डबा टोलिनोवर, किंडलसारख्याच ई-वाचकावर, वाचत असतो. ई-बुकची किंमत प्रकाशकच ठरवतो, 2016पासून ती कायद्याने सगळ्या दुकानांत एकच असते. कितीतरी प्रकाशकांनी फाइलींची नक्कल रोखणारी कुलपं काढून टाकली, आत फक्त खरेदीदाराची खूण ठेवली. धंदा बुडाला नाही.

मराठीत खरी अडचण चोरीपेक्षा फाइलची आहे. किंडलवर मराठी 2016च्या डिसेंबरात आलं, त्याला वर्षं लोटली, पण आपली कितीतरी पुस्तकं अजून युनिकोडपूर्व, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर नीट न उमटणाऱ्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली पडून आहेत. ती यंत्राने बदलायची आणि मुद्रितशोधन न करता विकायची, हे मी पैसे मोजून अनुभवलं आहे. सह्याद्रीतल्या भटकंतीचं पुस्तक होतं. ‘ऱ्या’तला र डोक्यावर चढून रफार झाला, आणि पानोपानी दऱ्यांचा दर्या. घाटमाथ्यावरून खाली पाहिलं तर समुद्र! छापील पुस्तकात अशी चूक याच मंडळींनी खपवून घेतली असती का?

आणि ई-बुक काय फक्त आम्हा परदेशातल्यांसाठी आहे? बाबांची नजर अधू झाली आहे. मागच्या खेपेला त्यांना किंडल दिलं, अक्षर एवढं मोठं केलं की ओळीत चारच शब्द मावले. दोन तास मान वर केली नाही त्यांनी. युरोपीय संघात 28 जून 2025पासून नवी ई-बुकं दृष्टिहीनांनाही वाचता आली पाहिजेत असा नियमच लागू झाला. आमच्याकडे... आमच्याकडे म्हणजे कुठे, हे लिहिताना हल्ली मला थांबावं लागतं.

बाबांना हवं असलेलं पुस्तक ई-बुकात नाही आणि छापील आवृत्तीही संपली आहे. शेवटी त्याची फिरती पीडीएफ मीच उतरवून घेतली. पैसे द्यायला तयार होतो, घ्यायला कुणी नव्हतं. तरी ती चोरीच, आणि मी ती केली आहे. मोठी करायला जावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, म्हणून रविवारी मी फोनवरून वाचून दाखवतो. परवा ‘पागोळ्या’पाशी अडलो. शब्द ओळखीचा, अर्थ काही केल्या आठवेना. ‘अरे, आपल्या पडवीच्या...’ एवढंच बाबा म्हणाले, आणि मला ती पडवी दिसली, कौलांच्या कडेने पडणारं पाणी दिसलं.

पुढच्या पानाचा फोटो हललेला आहे. तिथेच थांबलो आहोत.