गेलेल्यांचा नमुना

गेले दोन आठवडे माझ्या अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गमित्रांमध्ये एक वाद चालू आहे आणि तो काही केल्या माझ्या मनातून जात नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात अर्थमिती, म्हणजे संख्याशास्त्राने आर्थिक प्रश्न तपासण्याचा विषय, सक्तीची असावी की ऐच्छिक, एवढाच मूळ प्रश्न होता. त्यावर मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मित्राने लिहिले की, अर्थमितीत मुरलेला माणूस शेवटी अमेरिकेत जातो आणि तिथलेच आकडे मोडत बसतो. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला त्याचा काय उपयोग? हे तुला उद्देशून नव्हते, असे त्याने नंतर कळवले, पण लागायचे ते लागले होते.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहतो आणि एका लहान कॉलेजात हाच विषय शिकवतो. उत्तर लिहायला बसलो तेव्हा आठवले ते याच गावात अखेरची वर्षे काढलेले अर्थमितीचे अभ्यासक जी. एस. मद्दाला. १९३३ साली जन्मलेल्या या माणसाने आंध्र विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली, १९५७ साली मुंबई विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.ए. केले आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर शिकागो गाठले. १९६३ साली पीएच.डी., मग स्टॅनफर्ड, रॉचेस्टर, फ्लोरिडा आणि शेवटी ओहायो स्टेट. १९९९ साली ते वारले. मित्राच्या हिशेबात हा माणूस वाया गेलेला.

मला हे मुळीच मान्य नाही. शेतकरी कर्ज घेतो की नाही, बाई मजुरीला जाते की नाही, अशा प्रश्नांचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते, आणि तिथे सरळ रेषा बसवण्याची जुनी रीत फसते. शिवाय मजुरीचा दर कळतो तो फक्त कामाला जाणाऱ्या बाईचा. घरी राहिलेलीला किती मिळाली असती, हे कोणत्याच पाहणीत सापडत नाही, आणि घरी राहिलेल्या बायका काही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नसतात. या दोन्ही अडचणींवरच्या पद्धती मद्दालांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र आणल्या आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्या तिथून उचलल्या. पीककर्जामुळे उत्पन्न वाढले, की ज्यांची जमीन ओलिताची होती त्यांनाच मुळात बँकेने कर्ज दिले, हे ठरवायला दुसरे कोणते हत्यार आहे? शेतकऱ्याच्या पोरालाच हा प्रश्न सर्वांत आधी विचारता यायला हवा.

इथे माझी दुसऱ्या वर्षाची मुले पहिला बर्फ पडायच्या आत स्वतःच्या लॅपटॉपवर प्रोबिट, म्हणजे अशा हो-नाही प्रश्नांसाठीची पद्धत, चालवतात. आम्ही एम.ए.ला वहीतली सूत्रे वहीत उतरवली आणि एकदाही खऱ्या आकड्यांना हात लावला नाही. हे मी मित्राला जरा जोरातच सुनावले. तो अकरा वर्षे तासिका तत्त्वावर होता, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर, तासागणिक मिळणाऱ्या पैशांत. मला सातव्या वर्षी टेन्यूर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळाले. आकडेवारी गोळा करायला लागणारी फुरसत त्याला कोणी दिली नव्हती, हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले.

त्याचे उत्तर एका शब्दाचे होते: दांडेकर.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर साताऱ्याचे, कलकत्त्याला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या हाताखाली तयार झालेले आणि पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत राहिलेले. नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली त्यांनी दारिद्र्य मोजले ते माणशी रोज २२५० उष्मांक धरून, आणि खेड्यात त्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनी महिन्याला १५ रुपये लागतात असे सांगितले. १९८४ साली त्यांच्याच समितीने महाराष्ट्राचा विभागवार अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाची थकबाकी, काढला, तो ३१८६ कोटींच्या पुढे गेला. ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यात आणि विदर्भात आजही रोजच्या भांडणात आहे. दांडेकरांकडे संख्याशास्त्र होते आणि ते महाराष्ट्रातच राहिले.

मी मद्दालांचे नाव निवडले ते माझ्या सोयीचे म्हणून, आणि वर्गात ज्याला मी सिलेक्शन बायस, म्हणजे नमुना निवडतानाच शिरलेला कल, म्हणतो तो हाच. अर्थमिती सक्तीची असावी, हे माझे मत मात्र दांडेकरांमुळे अधिक पक्के झाले. ती शिकून कोण कुठे राहतो, हा निराळा प्रश्न आहे, आणि माझ्यापुरते त्याचे उत्तर मी आजवर सरळ दिलेले नाही.

माझे बहुतेक निबंध ओहायोतल्या दवाखान्यांच्या बिलांवर आहेत. मराठवाड्यावर एकही नाही. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मुलाखत दिली, पण पद भरलेच गेले नाही म्हणून परतलो, असे मी सगळ्यांना सांगत आलो आहे. पद रिकामे राहिले, हे खरेच आहे. पण मुलाखतीच्या तीन दिवस आधी इथल्या कॉलेजाला माझे होकाराचे पत्र गेले होते. ते त्या मित्राला मी अजून सांगितलेले नाही.