स्वस्त टॉमाहॉक घेताय? आधी नेढं बघा

कुऱ्हाडफेकीच्या हॉलमध्ये दोन-चार शनिवार गेले की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना पुढची हौस सुचते: घरामागच्या अंगणात लाकडाचं लक्ष्य उभारायचं आणि फेकायला स्वतःचे टॉमाहॉक, म्हणजे छोट्या हलक्या कुऱ्हाडी, घ्यायचे. तीस ते पन्नास डॉलरच्या टप्प्यात भरपूर माल मिळतो. मग ग्रुपवर प्रश्न येतो, यातला चांगला कोणता? आणि उत्तरं येतात ती पोलादाच्या नावावर, धारेवर नाहीतर काळ्या कोटिंगवर.

माझं मत वेगळं आहे आणि ते ठाम आहे. या किमतीच्या टॉमाहॉकमध्ये सगळ्यात आधी नेढं बघावं, म्हणजे पात्यातलं दांडा बसायचं भोक. धार कानशीने लावता येते. दांडा बदलता येतो. रंग खरवडून काढता येतो. नेढं वाकडं असेल तर ते घरी कुणालाही सरळ करता येत नाही, आणि फेकण्याच्या हत्याराचं सगळं वागणं त्या भोकावर ठरतं.

नेढ्याला एवढं महत्त्व का, ते समजायला गावाकडचा टिकाव आठवा. टिकावाचा दांडा वरून घालतात. बारीक टोक भोकातून खाली जातं, जाड टोक वर अडतं आणि प्रत्येक घावाबरोबर लोखंड जाड टोकाकडे सरकून घट्ट होतं. टॉमाहॉकची रचना अशीच आहे. पाचर नाही, खिळा नाही, निमुळत्या भोकात निमुळता दांडा. टॉमाहॉक हा शब्द व्हर्जिनियाकडच्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषेतला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आला. त्या मूळ रहिवाशांना युरोपी व्यापाऱ्यांकडून लोखंडी पाती मिळू लागल्यावर ही बिनपाचरीची जोडणी जंगलात फार सोयीची ठरली, कारण दांडा मोडला तर जवळच्या झाडाची फांदी तासून नवा बसवता येत असे. रॉकी पर्वतात १८२५ ते १८४० या काळात सापळे लावून शिकार करणाऱ्यांचे आणि फर-व्यापाऱ्यांचे वार्षिक मेळे भरत. आज त्या काळाची हौस जपणारे लोक ठासणीच्या बंदुकांच्या मेळाव्यांत, उदाहरणार्थ इंडियानातल्या फ्रेंडशिपला, याच घडणीचे टॉमाहॉक फेकतात.

म्हणून ‘पातं ढिलं आहे, माल खराब’ अशी एक-ताऱ्याची परीक्षणं वाचून लगेच घाबरू नका. नेम चुकून दांडा लाकडावर आपटतो तेव्हा पातं दांड्यावर थोडं खाली सरकतं, आणि त्या सरकण्यात बराच धक्का जिरतो. पाचर ठोकून पक्कं केलेलं पातं तसं सरकत नाही, सगळा मार लाकूड खातं आणि दांडा लवकर तुटतो. फेकण्यासाठी ही सरकती जोडणी हवीच. फक्त ती नीट बसलेली असली पाहिजे.

खोका उघडल्यावर, परत पाठवायची मुदत आहे तोवर आणि काहीही घासण्याआधी, पातं दांड्यावरून काढा. दांड्याचं खालचं टोक लाकडी ओंडक्यावर उभं आपटलं की पातं खाली सरकून मोकळं होतं. आता नेढ्यातून उजेडाकडे बघा. वरचं तोंड खालच्यापेक्षा थोडं मोठं आणि दोन्ही बाजूंचा उतार सारखा हवा. एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ असेल तर ते पातं ठेवू नका. मग दांडा परत घालून शेवटच्या टोकाकडून, बंदुकीचा नेम धरावा तसं, दांड्यावरून धारेकडे बघा. धारेची रेघ दांड्याच्या मधोमध आली पाहिजे. पातं थोडं कललेलं असेल तर टॉमाहॉक हवेत डुलतो आणि लाकडात तिरका रुततो. नवा फेकणारा महिनाभर आपल्या मनगटाला दोष देत बसतो, चूक मात्र भोकाची असते.

पुढची परीक्षा आवाजाची. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो तसं. पातं दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने हलकेच वाजवा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत चीर असू शकते, आणि ती बहुधा नेढ्याच्या भिंतीत असते. जाड काळ्या रंगाबद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे, कारण तो या चिरा झाकतो. शिवाय नेढ्याच्या आत बसलेल्या रंगाच्या थरामुळे दांडा घट्ट बसल्यासारखा वाटतो. पंचवीस-तीस फेकींत तो थर भुगा होऊन पडतो आणि पातं खुळखुळायला लागतं.

पोलादाचं म्हणाल तर ते घडीव आहे की ओतीव, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. ओतीव पातं लाकडात छान रुतेल, पण आधी रुतलेल्या दुसऱ्या टॉमाहॉकवर आदळलं की कोपरा उडू शकतो. कोल्ड स्टील कंपनीचा ट्रेल हॉक, सीआरकेटी कंपनीचा वुड्स चोगन हे या वर्गातले माहितीचे मॉडेल १०५५ कार्बन पोलादाचे आहेत. म्हणजे कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. या कामाला तेवढा योग्यच, कारण इथे चिवटपणा हवा, सुरीसारखा कडकपणा नको. पोलादाला पाणी किती चढलंय हे चांगल्या कानशीने कळतं. धारेवर कानस जोर लावल्यावर चावली पाहिजे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार कडक आहे, टवका उडेल. लोण्यासारखी कापत गेली तर फार मऊ, दर दहा मिनिटांनी वळेल. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी मऊ घेईन. वळलेली धार कानशीने सरळ होते, उडालेला टवका डोळ्यात जाऊ शकतो. त्यासाठीच फेकताना आणि बाजूला उभं राहतानाही सुरक्षेचा चष्मा हवा.

धारेच्या तीक्ष्णतेवरून किंमत ठरवू नका. कागद कापणारी धार इथे उपयोगाची नाही, ती पहिल्याच चुकीच्या फेकीत दुमडते. प्रत्येक बाजूला २५ ते ३० अंश आणि थोडी पोट आलेली, कुऱ्हाडीसारखी धार पुरे. धारेचा वरचा कोपरा मात्र नीट बघा, लाकडात बहुधा तोच आधी शिरतो. तो बोथट गोल असेल तर चांगली फेकही उडून परत येते.

वजन दांड्यासकट ६०० ते ८५० ग्रॅमच्या दरम्यान असलं की बहुतेकांना झेपतं. त्याहून हलका टॉमाहॉक मनगट जरा हललं तरी गिरक्या वाढवतो.

आता दांडा. हिकरी लाकूड उत्तम, पण नुसत्या नावावर जाऊ नका. रेषे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताहेत का बघा. मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच तिरका फाटणार. नेढ्याखालच्या चार-पाच इंचांत तर असं अजिबात नको. दांडा सरळ हवा. शेवटी गाठ किंवा फुगवटा असेल तर तो सुटताना बोटांत अडकतो. त्यावरचं चकचकीत वॉर्निश घामाने कधी चिकटतं, कधी घसरतं, म्हणून ८० नंबरच्या आणि मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने ते काढून जवसाच्या तेलाचा हात द्या. २२ इंची दांडा नव्या माणसाला लांब पडतो. १८-१९ इंचांवर कापला की एका गिरकीचं अंतर, म्हणजे हवेत एक फेरा पुरा करून रुतायचं अंतर, बहुतेकांचं बारा फुटांच्या आसपास येतं. पण आधी पूर्ण लांबीवर फेकून बघा, कापलेलं परत जोडता येत नाही.

बऱ्याच टॉमाहॉकना पात्याच्या बाजूने एक छोटा स्क्रू असतो, ॲलन कीने आवळायचा. तो काढून टाका, हे मी आग्रहाने सांगतो. त्याचं टोक लाकडात रुततं, रेषे तोडतं, आणि पुढे दांडा तिथूनच फुटतो. तो आवळल्याशिवाय पातं टिकत नसेल तर दुखणं नेढ्यातल्या बैठकीचं आहे.

ती बैठक घरी करायला अर्धा तास लागतो. नेढ्याच्या आतला रंग खरवडा. आतल्या भिंतीला पेन्सिलीची पूड चोळा, दांडा वरून घालून दाबा आणि काढा. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड टेकतंय. तेवढंच कानशीने घासा, पुन्हा घाला, पुन्हा बघा. काळा पट्टा नेढ्याच्या पूर्ण उंचीवर आणि चारही बाजूंना आला की थांबा. लाकूड एकदम जास्त काढलंत तर दांडा गेला. सगळ्यात जास्त दांडे जिथे मोडतात ती जागा म्हणजे नेढ्याची खालची कडा. कारखान्यातून ती धारदारच येते आणि प्रत्येक आपटीला लाकडात सुरीसारखी घुसते. गोल कानशीने ती एखादा मिलिमीटर गोल करा. दहा मिनिटांच्या या कामाने दांडा कितीतरी जास्त टिकतो, आणि तरीही हे कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. शेवटी टॉमाहॉक उलटा धरून दांड्याचं जाड टोक ओंडक्यावर दोन-तीनदा आपटा, पातं वर सरकून पकडेल. पाण्यात भिजवून घट्ट करायच्या फंदात पडू नका. लाकूड फुगतं, आतले रेषे चेंगरतात आणि वाळल्यावर पातं आधीपेक्षा ढिलं होतं. हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात दांडा आकसतो, तेव्हा फेकण्याआधी पुन्हा दोनदा आपटून घ्या.

मग पात्याच्या लगेच खाली दांड्यावर पेन्सिलीची रेघ मारून वीस फेकी करा. लक्ष्य मऊ लाकडाचं हवं. पॉपलर किंवा कॉटनवूडच्या खोडाची गोल चकती उत्तम, कापलेली बाजू आपल्याकडे करून. वाळक्या ओकवरून टॉमाहॉक उडाला तर तो टॉमाहॉकचा दोष समजू नका. वीस फेकींत रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकणं स्वाभाविक आहे. प्रत्येक फेकीला सरकत राहिलं तर बैठक पुन्हा करा, आणि धार वळण्याऐवजी तुटलेली दिसली तर पातं परत पाठवा.

तीन-तीनच्या संचात मिळणारे, पोलादी पत्र्यातून कापलेले, दोरी गुंडाळलेले टॉमाहॉक मला पटत नाहीत. त्यांना दांडा मोडायची भीती नाही हे खरं. पण बरेच फार हलके असतात, दोरी सुटते, आणि मानेला पाडलेल्या भोकांपाशी पत्रा वाकतो.

घ्यायचेच तर एकाच मॉडेलचे तीन घ्या आणि किचनच्या काट्यावर तिन्ही पाती वेगवेगळी तोला. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक चालेल, त्यापुढचा हाताला जाणवतो. त्याच ऑर्डरमध्ये दोन जास्तीचे दांडे मागवा आणि तेही याच नेढ्यांना आधीच बसवून, नंबर घालून ठेवा. भारतात फेकणाऱ्यांना हिकरी सहज मिळणार नाही, पण गावाकडे कुऱ्हाडीला वापरतात तो धावडा या कामाला छान चालतो. सुतार नेढं बघितल्याशिवाय दांडा तासणार नाही, म्हणून पातं सोबत घेऊन जा.