जलपर्णी ‘संपत्ती’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जलपर्णीवरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. लेखात नुसतं ‘काढा, काढा’ आहे. टोपल्या, खत आणि गोबरगॅस देणाऱ्या वनस्पतीला शत्रू ठरवलंय. कोकणात पहिल्या मोठ्या पावसात ती समुद्राला जाते आणि खाऱ्या पाण्यात मरते, मग इथे एवढी ओरड कशाला? आणि तुमच्या गावातल्या बचतगटाला टोपल्यांचं काम सुरू करायचंय, त्यात मी खोडा घालतोय. तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी समुद्राचं. पाण्याचा खारेपणा लिटरमागे ६ ते ८ ग्रॅमच्या पुढे गेला की जलपर्णी तग धरत नाही. समुद्रात तो साधारण ३५ असतो. तेव्हा खाडीच्या मुखाशी ती मरते, हे खरंच. पण ती तिथवर पोहोचेपर्यंत काय होतं ते पाहा. पेण-अलिबागकडच्या खारजमिनींत उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते. पुराबरोबर आलेला केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचाच, थर झडपेत अडकला की ती पुरती मिटत नाही आणि भरतीचं खारं पाणी भातात शिरतं. थर आतल्या बाजूला साचला तर उलटं होतं, पावसाचं पाणी बाहेर पडत नाही आणि पीक बुडून राहतं. जी जलपर्णी पुढे खाडीत जाऊन मरते ती तिथेच कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढला जातो, आणि त्याची झळ कांदळवनातल्या माशांच्या पिल्लांना बसते.

शिवाय पूर सगळं नेत नाही. काठच्या झुडपांत, पुलाच्या खांबांना आणि बंधाऱ्याच्या मागे थोडी रोपं उरतात, बी तर गाळातच असतं. फूल कोमेजलं की त्याचा दांडा पाण्यात वाकतो आणि बी तळाशी जातं. ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. गावांचं आणि शहरांचं सांडपाणी नदीत येत राहिलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थर पुन्हा तयार. उल्हास नदीत कल्याणच्या बाजूला हेच दिसतं.

आता संपत्तीचा हिशेब. दाट थराचं वजन हेक्टरी २०० ते ४०० टन भरतं, म्हणजे गुंठ्याला २ ते ४ टन. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी. एका गुंठ्याचा माल हलवायला छोट्या हत्तीच्या तीन ते पाच खेपा लागतील, आणि त्यातून सुका माल मिळेल १०० ते २०० किलो. म्हणून ‘लांबच्या कारखान्याला विकू’ ही कल्पना डिझेलमध्येच बुडते. जे करायचं ते काठावरच करायला हवं.

एक एकराच्या तळ्यात २० गुंठे थर आहे असं धरू. मोकळं पाणी आणि सांडपाण्याचं खत मिळालं तर तो साधारण पंधरवड्यात दुप्पट होतो. तो आहे तिथेच रोखायचा तर पंधरा दिवसांत ४० ते ८० टन ओला माल उचलावा लागेल. दहा जणींनी रोज प्रत्येकी दोन किलो सुके देठ विणले, तरी पंधरवड्याला ३०० किलो, म्हणजे सहा टनांच्या आसपास ओले देठ लागतात. टोपल्यांनी तळं रिकामं होत नाही. उलट विणायला लांब, सरळ देठ लागतात, आणि ते येतात दाटीवाटीच्या थरात. मोकळ्या पाण्यातल्या रोपांचे देठ आखूड आणि फुगीर असतात, विणकामाला निरुपयोगी. धंदा फक्त देठांवर उभा राहिला तर दाट थर टिकावा असंच त्या धंद्याला वाटेल. माझी भीती ही आहे. म्हणून आधी तळं मोकळं करण्याचा कार्यक्रम आणि खर्च ठरवा, मग त्यातून निघणाऱ्या मालाचा उपयोग.

काढायचा हंगाम फेब्रुवारी ते मे, पाणी उतरलेलं असताना, आणि शक्यतो फुलं येण्याआधी. रिकाम्या पिंपांना बांबू बांधून तरंगता अडसर करा. तो प्रवाहाला आडवा न लावता तिरपा लावा, म्हणजे रोपं आपोआप एका काठाला सरकतील. पावसाआधी तो काढून घ्या. यंत्राने पाण्यातच कुट्टी करू नका, धुमाऱ्याचे तुकडे पुन्हा फुटतात आणि बाकीचं पाण्यातच कुजतं. मोठी सफाई झाल्यावर दर दहा-पंधरा दिवसांनी सुटी रोपं वेचायला माणूस हवाच. बहुतेक ठिकाणी हेच करायचं राहून जातं आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

खतासाठी रोपं दोन-तीन दिवस सुकवा, मुळं तोडा आणि बोटभर लांबीचे तुकडे करा. वजनाने सहा भाग जलपर्णी, तीन भाग शेण, एक भाग सुका पातेरा किंवा पेंढा. खड्डा नको, आपल्या पावसात तो विहीर होतो. पुराची रेघ सोडून उंचवट्यावर दीड मीटर रुंद आणि मीटरभर उंच ढीग रचा, वर झापं किंवा ताडपत्री. ढिगात लोखंडी पहार खुपसून दहा मिनिटांनी काढा. ती हातात धरवली नाही तर उष्णता पुरेशी आहे. बी मरायला आतलं तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहावं लागतं, आणि कडेचा माल आत यावा म्हणून दर आठवड्याला ढीग उलटायचा. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय, पातेरा वाढवा.

महाड, रोहे-धाटाव, लोटे अशा औद्योगिक वसाहतींच्या खालच्या प्रवाहातली जलपर्णी असेल, तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि पारा तपासल्याशिवाय तिचं खत भाजीला घालू नका. ही वनस्पती जड धातू शोषते, सर्वात जास्त मुळांत. गॅससाठीही ती चालते, पण बारीक कुट्टी करून शेणात मिसळूनच. अख्खी टाकली तर टाकीत तरंगते आणि वर साय धरून गॅस अडवते.

बचतगटाने काम जरूर करावं. देठ दोन फुटांच्या वरचे निवडा, पानं काढा, आणि कडक उन्हात आठवडा-दहा दिवस, वाकवल्यावर ओलसर लागणार नाहीत इतके वाळवा. आपल्याकडे हे ऑक्टोबरअखेर ते मे एवढंच जमतं. जूननंतर दमट हवेत देठांना बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यापुरता माल आधीच वाळवून हवाबंद पिंपांत भरून ठेवा. आणि ग्रामपंचायतीशी बोलताना टोपल्यांच्या प्रशिक्षणाबरोबर वेचणीच्या मजुरीचीही मागणी करा.

तुमच्या तळ्यात पाणी कुठून येतं आणि कोणाचं सांडपाणी मिसळतं, ते कळवलंत तर खत भाजीला चालेल की फक्त झाडांना, हे नेमकं सांगता येईल.