आमचे डिझेलचे पैसे कधी देणार तेवढं सांगा

आज परत हेलपाटा. गोवा सरकारने खाजगी बसवाल्यांना डिझेलसाठी जी सबसिडी कबूल केलीय, त्याची आमची फाईल कुठे अडकलीय ते विचारायला हाफ डे टाकून सरकारी ऑफिसात गेले, तर काउंटरवरच्या माणसाने मान पण वर केली नाही, म्हणाला फाईल फायनान्सला गेलीय. हेच मला चतुर्थीच्या आधी सांगितलेलं, शिगम्याच्या वेळी पण हेच. कधी येणार विचारलं तर म्हणे पुढच्या महिन्यात फोन करा. फोन कोण उचलतं तिथे?

पप्पांची एकच बस आहे, साखळी-पणजी. आधी खाणीवर ट्रक होता. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा कसेबसे तग धरून राहिलो, नंतर परत सुरू झाल्या म्हणून जरा जीवात जीव आला, तर 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद. मग ट्रक मिळेल त्या भावाला विकला आणि लोन काढून सेकंडहँड बस घेतली. दोन वर्षं होतायत तोवर लॉकडाऊन. बस अंगणात उभी, हप्ता चालू, आणि त्याच 2020 च्या मे महिन्यात केंद्राने डिझेलवर लिटरमागे 13 रुपये एक्साइज वाढवली. जगात तेल मातीमोल झालेलं, त्यातला एक रुपया पण आमच्यापर्यंत आला नाही. नंतर 2021 च्या नोव्हेंबरला 10 रुपये कमी केले, 2022 च्या मे महिन्यात अजून 6, पण मधल्या काळात ज्यांनी त्या भावाने टाकी भरली त्यांचं काय झालं ते कोण विचारणार.

आणि लोक म्हणतात, धंदा तुमचा मग सरकारने पैसे का द्यायचे? हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो तिकीट आम्ही ठरवतो का? पहिल्या टप्प्याला किती, पुढे किलोमीटरला किती, सगळं सरकार नोटिफिकेशन काढून ठरवतं, त्याच्यावर एक रुपया जास्त घेतला तर दंड. पण डिझेलचा भाव 2014 पासून बाजारावर सोडलेला आणि 2017 च्या जूनपासून तर रोज सकाळी सहाला बदलू शकतो. म्हणजे येणारा पैसा बांधून ठेवलाय आणि जाणारा मोकळा सोडलाय. लोकांवर भाडेवाढ नको म्हणून मधला फरक आम्ही भरतो असं सरकारनेच कबूल केलं ना, मग ती भीक कशी झाली? ते आमचेच पैसे आहेत जे आम्ही पंपावर आधीच मोजलेत.

दिवसाला साधारण 180 किलोमीटर होतात, जुनी बस, स्टॉपास्टॉपावर थांबत साडेचारच्या वर ॲव्हरेज देत नाही. म्हणजे रोज 40 लिटर, साडेतीन हजार नुसते डिझेलचे. त्यानंतर कंडक्टरचा पगार, हप्ता, विमा, पासिंग, टायर. महिना संपताना पप्पा वहीत आकडे मांडून बसतात, आई काही न बोलता पुढ्यात चहा ठेवते आणि आत जाते. मला ते बघवत नाही.

फॉर्मसोबत काय काय मागतात ते बघा, परमिट, विमा, पासिंग, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती, कॅन्सल चेक, सगळ्याच्या झेरॉक्स, आणि एक कागद कमी असला की सगळा गठ्ठा परत. आम्ही एक दिवस उशीर केला की अर्ज बाद, तुम्ही वर्षं लावली तर साधं पत्र पण नाही.

सरकारी कदंब बसला तोटा झाला की सरकार अनुदान देतं, द्यावंच, खेड्यात कदंब नसेल तर म्हातारी माणसं दवाखान्यात कशी जाणार. पण आमच्या बसमध्ये पण तीच म्हातारी माणसं बसतात हो! रात्रीच्या शेवटच्या ट्रिपला माशेलच्या पुढे कधी कधी सात माणसं असतात, त्यात दोन पोरी पणजीच्या दुकानात कामाला जाणाऱ्या, त्यांच्यासाठी पप्पा ती ट्रिप सोडत नाहीत, अजून तरी. खाजगी बसवाले स्टॉपवर अर्धा अर्धा तास थांबतात म्हणून शिव्या घालता, मला पण त्याचा राग येतो, पण सीट भरल्याशिवाय डिझेल निघत नाही म्हणून थांबतात.

2023 ला म्हजी बस योजना आणली, बस कदंबखाली चालवा, किलोमीटरप्रमाणे पैसे देतो. पप्पांना किती जणांनी सांगितलं जॉइन हो म्हणून. ते एवढंच विचारतात, आधीचे दिले नाहीत, हे वेळेवर देतील कशावरून? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि त्या काउंटरवर पण नव्हतं.

आज घरी आले तर पप्पा ओसरीवरच बसलेले, विचारलं काय म्हणाले. मी म्हटलं फायनान्सला गेलीय. ते काही बोलले नाहीत, उठून टाकीत किती आहे ते बघायला गेले. पंपवाल्याची आधीचीच उधारी बाकी आहे.