नाशकात नाकाला नाक

इगतपुरीहून विपश्यना करून येऊन मला फक्त ६ दिवस झाले होते. १० दिवसांचा कोर्स, मौन, पहाटे ४ ला घंटा, मोबाईल जमा, संध्याकाळी ५ ला चहा आणि मुरमुरे की मग थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. असं सगळं करून आलेला माणूस घरात किती वैताग असतो ते घरच्यांनाच विचारा. पोळी करपली तरी मी हसून "हेही अनित्य आहे" म्हणायचो. बायको म्हणाली, अनित्य असू दे, पण तीच खायचीये.

तर रविवारी सासूबाईंचा मिक्सर दुरुस्त होऊन आला होता तो त्यांना पोचवायला आम्ही जुन्या नाशकात निघालो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाव टेकड्यांवर वसलंय. ९ टेकड्या म्हणून नवशिख आणि त्याचं नाशिक झालं असं काही लोक सांगतात, आणि बाकीचे सांगतात की लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नाशिक. मला आधी टेकड्यांवालं पटायचं, आता नाकावालं पटतं.

बोळ असा की आरसे मिटल्याशिवाय गाडी जात नाही. मी उताराने खाली येतोय आणि समोरून एक पांढरी कोरी गाडी चढत वर. दोघांनी ब्रेक मारला. मधे वीतभर जागा, नाकाला नाक. मी हॉर्न दिला, त्याने दिला, मी लाइट मारला, त्याने मारला, मग मी काचेतून हाताने "घे मागे" अशी खूण केली, जी आपण रस्त्यात बसलेल्या म्हशीला करतो तीच, आणि हे माझ्या लक्षात त्याने तीच खूण मला केल्यावर आलं.

आता नियम मला पाठ आहे. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं, २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत हे सरळ दिलंय आणि मी स्वतः चढावर असताना काच खाली करून हे कित्येकांना ऐकवलेलं आहे. पण आज मी उतारावर होतो त्यामुळे आठवत नव्हता.

त्याने इंजिन बंद केलं. मग मीही केलं. इगतपुरीत चौथ्या दिवसानंतर अधिष्ठान नावाचा प्रकार असतो, तासभर हात, पाय, डोळे काही हलवायचं नाही. तिथे मला दहाव्या मिनिटाला मुंग्या यायच्या, इथे काहीच त्रास झाला नाही. समोरच्याने तर कोर्स न करताच अधिष्ठान साधलं होतं.

मागे गर्दी वाढत गेली. त्याच्यामागे सिलिंडरची गाडी, दूधवाला, दोन-तीन स्कूटर, माझ्यामागे भाजीची हातगाडी. वरच्या गॅलरीतून एक आजी म्हणाल्या, "थांबणारच असाल तर सांगा बाबा, वरणाला डाळ जास्त लावते."

"अहो, घ्या ना मागे," बायको.

"मीच का? प्रश्न गाडीचा नाहीये, तत्त्वाचा आहे."

ती काही बोलली नाही, मांडीवरचा मिक्सर नुसता नीट केला. मग कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे मी लक्ष नाकाखाली नेलं. श्वास गरम, कान तापलेले, दाढा आवळलेल्या. छान, सगळं जाणवत होतं. आणि लगेच पुढचा विचार, बघ मी किती सजग आहे आणि तो समोरचा बघ, साधा गाडी मागे घ्यायचा समजूतदारपणा नाही. म्हणजे १० दिवसांत माझा इगो गेला नव्हता, सोवळं नेसून परत आला होता. पूर्वी मला फक्त मी बरोबर आहे एवढंच वाटायचं, आता मी बरोबर आहे आणि शांतही आहे असं वाटत होतं. असा माणूस फार डेंजर.

तरी बसलोच होतो म्हणून अजून जरा खाली बघितलं, त्या रागाच्या बुडाशी काय आहे, तर तत्त्व वगैरे काही सापडलं नाही, जळक्या क्लचप्लेटचा वास सापडला. मागच्या दिवाळीत बिल्डिंगच्या रॅम्पवर गाडी रिव्हर्समध्ये वर चढवताना हाफ क्लचवर मी ती प्लेट जाळली होती आणि शिवाय खांबाला ठोकलं होतं, वॉचमनसमोर. तेव्हापासून मी गाडी अशा जागी लावतो की मागे घ्यावीच लागू नये, मग भले अर्धा किलोमीटर चालावं लागो, आणि विचारलं तर सांगतो की चालणं तब्येतीला चांगलं.

तेवढ्यात तो उतरला, शर्ट खाली ओढत. मीही उतरलो. आता वाजणार म्हणून सिलिंडरवाला स्टुलावर बसावा तसा सिलिंडरवर बसला. वाक्य माझं तयार होतं, "तुम्हाला लायसन कुणी दिलं?" पण तोंडातून काय निघालं तर, "मला चढावर रिव्हर्स येत नाही हो."

तो बघतच राहिला. मग मागे कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मला उतारावर नाही येत. त्यात गाडी दाजींची आहे, ३ महिने झालेत घेऊन. एक चरा पडला तर दाजी जन्मभर काढतील."

स्कूटरवरची एक कॉलेजातली पोरगी हे सगळं ऐकत होती. "काका, चावी द्या." आता कोणत्या काकांनी द्यायची यावर पुन्हा दोन मिनिटं झाली, कारण आता दोघांनाही मोठं व्हायचं होतं. आमची घ्या, नाही नाही आमची घ्या. शेवटी आजी वरून ओरडल्या, "निळी घे गं!" निळी माझी. पोरीने एका हाताने स्टिअरिंग फिरवत गाडी सरळ वरच्या चौकात नेऊन लावली, ना वास ना आवाज. मी मागे मागे डिकीवर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" करत होतो. त्याची तिला काही गरज नव्हती, मला होती.

पांढरी गाडी जाताना त्याने हात केला. मीही केला, यावेळी म्हशीवाला नाही.

सासूबाई दारातच उभ्या. "एवढा उशीर?"

"काही नाही हो आई, बोळात एक इगोवाला आडवा आला होता. शेवटी मीच मोठेपणा घेतला आणि गाडी मागे..."

बायकोने मिक्सरला भांडं बसवलं आणि बटण तीनवर नेलं.